लिलाव आणि वारी

॥ राम कृष्ण हरि ॥

(कुर्ला येथील सप्ताहात केलेल्या निरूपणाचा विस्तार)



परमार्थाला स्वतःची निराळी भाषा नाही. प्रपंचात जे शब्द रोज वापरून झिजतात, तेच संतांनी उचलले, धुतले आणि देवाच्या कामाला लावले. सावतोबांनी मळ्याचे, गोरोबांनी चाकाचे, नामदेवरायांनी सुई-दोऱ्याचे शब्द देवापुढे ठेवले. तुकोबाराय तर पिढीजात वाणी. देहूला त्यांचे दुकान होते, सावकारी होती, महाजनकी होती. म्हणून माप, मुद्दल, भांडवल, देणे-घेणे हे शब्द त्यांच्या वाणीत घरच्यासारखे येतात. तेव्हा कीर्तनात बाजार कशाला आणता, असे कोणी म्हणू नये. आणि हे तर कुर्ला! मोटारींचे जुने भाग, लोखंड, भंगार यांचा बाजार दाराशी. येथे पोराला मुळाक्षरांच्या आधी भाव करता येतो. म्हणून आज क्रयविक्रयाच्या चार शब्दांचा विचार करू.

पहिला शब्द लिलाव. आमच्यातले कोणी कौतुकाने म्हणतात की, लीला या शब्दावरून लिलाव आला. देवाची लीला तशी बाजाराची. ऐकायला गोड आहे, पण खरे नाही. लिलाव हा पोर्तुगिजांचा शब्द. ते त्याला लेइलांव म्हणतात. आणि त्यांच्याकडेही तो अरबीतून आला असे जाणकार सांगतात. पुकारून जाहीर करणे, हा त्यातला मूळ भाव. आपले कुर्ला ज्या साष्टी बेटावर आहे, ते साष्टी १५३४ च्या वसईच्या तहाने पोर्तुगिजांकडे गेले आणि १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी ते सोडविले. दोनशे वर्षे राज्य झाले, राज्य गेले, शब्द राहिले. चावी, पगार, पाव, बटाटा हे जसे राहिले, तसाच लिलाव राहिला. गोव्यात त्यालाच पावणी म्हणतात. आपल्या खेड्यांत सवाल म्हणतात, जुन्या कागदांत हर्रास आढळतो. हर्रासही अरबीकडूनच आला. आणि किंमत चढवायची तिला आपण म्हणतो बोली. बोली म्हणजे भाषा, बोली म्हणजे अट, आणि बोली म्हणजे लिलावात लावलेली रक्कम. नावे कितीही असोत, सर्वांत समान काय? तोंडाने मोठ्याने बोलणे. मनातल्या मनात लिलाव होत नाही.

दुसरा शब्द विकत घेणे. अहो, थोडे थांबून पाहा. विकणे याला आपल्याजवळ स्वतंत्र क्रियापद आहे. उलट बाजूचा व्यवहार सांगायचा तर खरेदी हा शब्द फारसीतून आणावा लागतो. नाहीतर आपण म्हणतो ‘विकत घेतले’. म्हणजे घेणाऱ्याच्या शब्दातसुद्धा विकणारा आधी येऊन बसला आहे! कोणीतरी विकत आहे, म्हणून मी घेत आहे. खिशात कितीही पैसा असला तरी समोरच्याने वस्तू मांडलीच नाही, तर घेणार काय? घेणाऱ्याचा अभिमान मराठीने एका शब्दात उतरविला आहे.

आता थोडे व्याकरण. कंटाळू नका, फळ गोड आहे. संस्कृतात क्री हा धातू. द्रव्याची अदलाबदल हा त्याचा अर्थ. त्यापासून क्रय, विक्रय, क्रीत हे शब्द झाले. याच धातूपासून दोन शब्द जवळजवळ सारखे होतात, क्रेय आणि क्रय्य. भगवान पाणिनींनी यांतला भेद मुद्दाम एक सूत्र घालून सांगितला आहे. जे विकत घेण्याजोगे आहे ते क्रेय. आणि जे विकण्यासाठी म्हणून दुकानात मांडून ठेवले आहे ते क्रय्य. टीकाकार घरगुती उदाहरण देतात. आम्हांला धान्य घ्यायचे आहे, म्हणून ते क्रेय. पण कोणी विकायला काढलेले नाही, म्हणून ते क्रय्य नाही. एवढासा भेद! पण सगळा संसार आणि सगळा परमार्थ या भेदावर तोलला आहे. मनुष्याचा घोटाळा कोठे होतो? जे क्रय्य नाही ते तो मांडून ठेवतो, आणि जे दुसऱ्याने कधी मांडलेच नाही ते पैसे दाखवून मागतो.

येथे कोणी शंका घेईल की, महाराज, तुम्ही बाजाराचीच निंदा करता काय? समाधान असे की, मुळीच नाही. लिलाव स्वतः पापी नाही. पूर्वी आपल्या बाजारांत हत्ता पद्धत होती. रुमालाखाली हात घालायचे, बोटे दाबून दलालांनी आपसांत भाव ठरवायचा, आणि ज्याने वर्षभर घाम गाळला तो शेतकरी बाजूला उभा राहून नुसता त्या रुमालाकडे पाहायचा! हा अन्याय मोडण्यासाठी कायदे झाले, बाजार समित्या झाल्या, आणि मालाचा उघड लिलाव व्हावा असे ठरले. राज्याचा १९६३ चा पणन कायदा याच धोरणाचा. सर्वांदेखत, मोठ्याने बोली बोला, म्हणजे गरिबाला आपल्या मालाचे मोल ऐकू तरी येईल. तेव्हा कांद्याचा लिलाव व्हावा, भंगाराचा व्हावा, रेल्वेत पडून राहिलेल्या बेवारस मालाचाही व्हावा. तो माल क्रय्य आहे.

आणि कायद्यालाही हा भेद कळतो बरे! दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ सालची. तिचे साठावे कलम कोणा वकिलाला विचारा. कोर्टाचा हुकूमनामा झाला आणि कर्जदाराच्या मालमत्तेवर जप्ती आली, तरी त्याचे अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण नेता येत नाही. कारागिराची हत्यारे नेता येत नाहीत. धर्माचाराप्रमाणे स्त्रीने अंगावेगळे करू नयेत असे तिचे दागिने नेता येत नाहीत. आणि पुढे ऐका. कोणाची जातीने सेवा करण्याचा जो अधिकार, त्यावरही जप्ती येत नाही. सरकारी कायदा म्हणतो, सेवा लिलावात काढता येणार नाही. मग धर्माने किती म्हणावे!

पण घडते काय? नाशिक जिल्ह्यात देवळा तालुक्यात उमराणे म्हणून गाव आहे. कांद्याच्या बाजाराचे गाव. २०२० च्या डिसेंबरात तेथे ग्रामपंचायतीच्या निवडणुकीआधी सरपंचपदासाठी बोली लागली आणि ती २ कोटी ५ लाखांवर गेली. पैसा कशासाठी? महादेवाच्या देवळाचा जीर्णोद्धार करण्यासाठी! नंदुरबार जिल्ह्यात खोंडामळीलाही असाच प्रकार झाला. २०२१ च्या जानेवारीत निवडणूक आयोगाने दोन्ही गावची निवडणूक रद्द केली. आता त्या गावकऱ्यांना आपण नावे ठेवू नयेत. देऊळ व्हावे ही इच्छा चांगलीच. पण श्रोतेहो, विचार करा. मत हे कोणाचे? ज्याच्या घरी दोन वेळची भाकरी नाही, त्याचेही मत एकच आणि ज्याच्या घरी सोन्याची वीट आहे, त्याचेही एकच. ही समता आपल्या वाळवंटातली आहे! ज्या दिवशी बोली लागली, त्या दिवशी गरिबाचे मत त्याला न विचारता विकले गेले, आणि त्याच्या पैशाने देवाला कळस चढणार होता. देव असा कळस घेईल काय? कळस हा क्रय्य, पैसे द्या आणि घडवा. माणसाचे मत क्रय्य नाही.

आणि दुसऱ्याकडे बोट दाखविताना आपल्या पंढरीकडेही पाहिले पाहिजे. पांडुरंगापुढे येणारे उत्पन्न घेण्याचा हक्क पूर्वी सेवाधाऱ्यांमध्ये आपसांत लिलावाने दिला जात असे. ज्याची बोली जास्त, तो त्या दिवशी देवापाशी. आता ज्याने सकाळी मोठी रक्कम कबूल केली, त्याचे लक्ष दिवसभर कोठे राहील? देवाच्या मुखाकडे की यात्रेकरूच्या मुठीकडे? यात व्यक्तीचा दोष थोडा, रीतीचा दोष मोठा. बोलीने बसविलेला संतसुद्धा संध्याकाळी हिशेबच करील. या व्यवस्थेबद्दल वारकऱ्यांनी गाऱ्हाणी केली, १९६८ साली न्यायमूर्ती नाडकर्णी यांचा आयोग नेमला गेला, त्यावरून १९७३ साली पंढरपूर मंदिरांचा कायदा झाला, खटले चालले, आणि २०१४ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने तो जुना हक्काचा वाद संपला. चाळीस वर्षांवर काळ गेला. पण वाद संपला म्हणून आपला धडा संपला नाही. आजही सप्ताहात पहिल्या आरतीचा मान, पालखीला पहिला खांदा, देवाला पहिला हार यांवर जेथे बोली लागते, तेथे तोच जुना लिलाव नव्या पाटीखाली बसलेला असतो. देणगी अवश्य घ्या, पावती फाडा, हिशेब फळ्यावर लावा. पण मान विकू नका. ज्या देवाच्या चरणांवर कोणीही स्वतःचे डोके ठेवावे, त्याच्या दारी पहिला आणि दुसरा कोण ठरविणार?

आता लिलावातली एक खोच सांगतो. लिलावात वस्तूची किंमत कोण ठरवितो? तुम्ही म्हणाल, जो घेतो तो. नाही! जो शेवटी हरतो तो ठरवितो. माझ्या शेजाऱ्याने शंभर म्हटले म्हणून मी एकशे एक म्हणतो. तो नसता तर मी पन्नासात घरी आणली असती. म्हणजे वरचे एकावन्न वस्तूचे नाहीत. ते मत्सराचे आहेत. आणि एकाला मिळाले की बाकी सारे रिकाम्या हाताने घरी जातात. हा लिलावाचा धर्मच आहे.

नामाचा व्यवहार नेमका उलटा. पण् असा एक धातू आहे. त्याचे दोन अर्थ आमच्या धातुपाठात दिले आहेत. एक व्यवहार करणे, दुसरा स्तुती करणे. पण्य म्हणजे विकाऊ माल, विपणी म्हणजे बाजारपेठ, आणि सरकारी पणन खातेसुद्धा यातलेच. आणि त्याच धातूने देवाची स्तुतीही सांगावी! पूर्वजांनी बाजारातला पुकारा आणि राउळातला गजर एका धातूत का बसविले असतील, ते त्यांनाच ठाऊक. आपण एवढे घ्यावे की, तोंड एकच आहे. पुकारा कशाचा करायचा ते आपल्या हाती. चंद्रभागेच्या वाळवंटी लाखो लोक एकाच देवासाठी एकाच वेळी ओरडत असतात. लिलावाच्या हिशेबाने एकालाच मिळावा आणि बाकीच्यांनी रडत परतावे. पण तेथे प्रत्येकाची बोली मंजूर होते, प्रत्येकाला सबंध विठ्ठल मिळतो, आणि शेजाऱ्याने मोठ्याने नाम घेतले तर माझे महाग होत नाही, उलट सोपे होते. असा बाजार त्रिभुवनात दुसरा नाही.

तेथे चालते ते नाणे कोणते? भाव. मराठी भाषेची धन्यता पाहा. भाव म्हणजे दर, आणि भाव म्हणजे भक्ती. बाजारात आपण विचारतो, भाव काय? आणि राउळात देव विचारतो, भाव काय? बाजारातला भाव दुसऱ्याच्या टंचाईने चढतो. हा भाव आपल्याच अंतःकरणाने चढतो. उधार या शब्दाचीही अशीच मौज. उधार म्हणजे मूळचा उद्धार! वाण्याच्या दुकानात पाटी असते, ‘आज रोख, उद्या उधार’. पंढरीनाथाने ती पाटी लावलेली नाही. तो आधी उद्धार करतो. रोख नंतर, जमेल तशी, जन्मभर फेडत राहावी.

आता दृष्टान्त. मंगळवेढ्याचे दामाजीपंत बेदरच्या बादशहाचे अंमलदार. मोठा दुष्काळ पडला. कोठारे बादशहाच्या धान्याने भरलेली आणि दारात माणसे उपाशी मरत आहेत. दामाजीपंतांनी कोठारे उघडली आणि धान्य लुटविले. बादशहाचा हुकूम सुटला, दामाजीला धरून आणा. ही कथा आपण सारे जाणता. पांडुरंग विठू महार झाला, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, बेदरच्या दरबारात गेला आणि धान्याचे पैसे भरून आला. येथे एक गोष्ट लोकांच्या ध्यानातून सुटते. सर्वेश्वराला बादशहाची बुद्धी फिरविता आली असती. ‘धान्य माझेच, तुझे कसले?’ असे म्हणता आले असते. तसे त्याने केले नाही. त्याने पुरते पैसे मोजले आणि पावती घेतली! देव व्यवहार बुडवीत नाही. भुकेल्याच्या पोटात जे अन्न बिनमोल गेले, त्याचे मोल कोणीतरी भरावेच लागते. ते भरायला देव स्वतः उभा राहिला, आणि त्यासाठी गावाने ज्याला वेशीबाहेर ठेवले होते त्याचे रूप घेतले. तात्पर्य, दामाजींनी भुकेपुढे धान्याचा भाव पाहिला नाही आणि देवाने दामाजींचा भाव पाहिला.

हरिश्चंद्राचे आख्यान याच्या जोडीला ठेवा. काशीच्या बाजारात राजाने तारामतीला विकले, रोहिदासाला विकले, स्वतःला डोंबाघरी विकले. राज्य गेले, कुटुंब गेले, देह गेला. विश्वामित्रांना हवे होते ते एकच, याने एकदा खोटे बोलावे. तेवढे मात्र बाजारात आले नाही. देह क्रय्य झाला. सत्य झाले नाही.

आणि कुर्ल्याचाच दाखला घ्या. येथे धरमसी गिरणी होती. ती तोट्यात गेली, आणि १८८६ साली जमशेटजी टाटांनी ती स्वस्तात विकत घेतली. घेताना स्वस्त पडली, पण चालविताना महाग पडली. यंत्रे जुनी, माल हलका. सुधारता सुधारता मोठे कष्ट झाले. पण त्यांनी ती टाकली नाही. तिला स्वदेशी असे नाव दिले आणि नावाला शोभेल अशी उभी केली. पुढे अनेक वर्षांनी तीही बंद पडली, हा काळाचा धर्म. आपण घ्यायचे ते एवढेच की, मोडकी वस्तू घेणाऱ्याची खरी किंमत घेतल्यावर सुरू होते. सद्गुरू आपल्याला असेच घेतो. आपली यंत्रे जुनी, माल हलका. पण तो परत करीत नाही; आधी नाव देतो, मग त्या नावाजोगे करतो.

याच सप्ताहात निरूपण झाल्यावर एक माउली थांबली. धन्याचे काम सुटलेले, सोने गहाण ठेवलेले, हप्ते थकले, आणि पोत लिलावात गेली. म्हणाली, “महाराज, आता माझ्यापाशी मोलाचं असं काय राहिलं?” डोळ्यांत पाणी. अशा वेळी वेदान्त सांगणे सोपे असते आणि पाप असते. म्हणून आधी व्यवहार सांगितला. “आई, गहाण विकण्याआधी वाजवी नोटीस द्यावी लागते, आणि कर्ज फिटून वर रक्कम उरली तर ती तुमची असते. १८७२ सालच्या करार कायद्यात तसे आहे. उद्या मुलाला घेऊन जा, हिशेबाचा कागद मागा.” मग विचारले, “पोतीबरोबर गळ्यातली माळही नेली होती का हो?” ती म्हणाली, “ही तुळशीची? हिला कोण पैसे देतंय?” मी म्हटले, “मग आई, जिला कोणी पैसे देत नाही, तिचा लिलाव कोण करणार?” ती क्षणभर पाहत राहिली, आणि मग पदराने डोळे पुसून हसली. श्रोतेहो, त्या हसण्याने तिचे कर्ज फिटले नाही, हे मी जाणतो. पोत गेल्याचे दुःख खरे आहे. पण पोत गेली म्हणजे मी गेले, असे जे तिला वाटत होते, ते खोटे होते. आणि तेवढे खोटे त्या रात्री तिने तेथेच टाकले. शेजाऱ्यांनाही आपण सांगून ठेवावे. असे घर आपल्या आळीत असेल, तर सप्ताहाचा एक दिवसाचा शिधा आधी त्या दारी जावा. दामाजीपंतांचे नाव घेणाऱ्यांनी कोठार उघडण्याची तयारी ठेवलीच पाहिजे.

मूल्य हा शब्द मूळ या शब्दापासून साधला आहे. मुळाशी जे सम, ते मूल्य. झाडाची किंमत पानांवरून नव्हे, मुळावरून. माणसाचे मूळ कोणते? त्याच्या हृदयात बसलेला पांडुरंग. त्याची बोली कोण लावणार? तो सर्वांनी मिळवावा असा, म्हणून क्रेय आहे. पण कोणत्याही दुकानात मांडलेला नाही, म्हणून क्रय्य नाही. तुकोबारायांनी सावकारीची आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडली, ती याच जाणिवेने. दुष्काळात माणसे खंगलेली पाहिली, स्वतःच्या घरात मरण पाहिले, आणि मग दुसऱ्याच्या देण्याचा कागद हातात धरवेना. ज्याला मूळ सापडले, त्याने खत धरून काय करायचे?

शेवटी एकच. लिलाव पुकारणारा काय म्हणतो? एक वार, दोन वार, तीन वार. तिसऱ्या वाराला हातोडा पडतो. मग कितीही आरडाओरडा करा, वस्तू गेली ती गेली. आपल्या संप्रदायातही तोच वार शब्द आहे, आणि त्याचीच आपण वारी करतो. आषाढी झाली की कार्तिकी, माघी झाली की चैत्री. देव तीन वार म्हणून थांबत नाही. हुकली तर पुढच्या वारीला या, असे म्हणून युगे अठ्ठावीस तो उभाच आहे. त्याच्या हाती हातोडा नाही. दोन्ही हात कटेवर आहेत. मात्र आपल्या आयुष्याच्या वारांची मोजणी चालू आहे, आणि तिचा हातोडा दुसऱ्याच्या हाती आहे. तो पडण्याच्या आत आपली बोली तोंडातून निघू द्या. मोठ्याने बोला, मनातल्या मनात लिलाव होत नाही, हे आरंभीच सांगितले आहे.

बोला, पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!